राब पेटवत नाहीत

आमच्या खेळातला पहिला राब मी भर दुपारी, सुटलेल्या वाऱ्यात पेटवला. पडद्याच्या डाव्या कडेला ठिणगी पडायची आणि दोन सेकंदांत उजव्या कडेपर्यंत ज्वाळा. मागे काळा डोंगर, वर कंपनीचं ड्रोन, मधोमध आमची नायिका, दोन्ही हात वर केलेली. ते दृश्य पुरं झालं त्या दिवशी मी आणि माझा मित्र खुर्च्यांवरून उठून नाचलो होतो. मुरबाड तालुक्यात जन्मलेल्या मुलीनं असा राब पेटवावा ही खरं तर लपवून ठेवण्याची गोष्ट. पण ती लपवली तर पुढचं काहीच सांगता येत नाही.

ज्यांच्याकडं राब नसतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाताची रोपं जिथं करायची तो शेताचा तुकडा पावसाळ्याआधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर ऐनाच्या फांद्या तोडून आणलेला कवळ, त्यावर सुका पातेरा, म्हणजे पालापाचोळा, आणि गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर. हे सगळं सावकाश जळतं, तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते. उन्हाळ्यात टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो धूर असतो. एसटीतले घाटावर जाणारे लोक खिडक्या लावून घेतात.

खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. मित्र शहापूरचा. कॉलेजात एका वर्गात होतो, मग तो हायवेवरच्या एका गोदामात लागला. तिथं त्याच्या मनगटाला एक यंत्र बांधलेलं असायचं. कुठला खोका कुठल्या फळीवरून उचलायचा ते यंत्र सांगायचं आणि माणूस एका जागी जरा जास्त वेळ उभा राहिला की थरथरायचं. पाणी प्यायला थांबलं तरी. सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला बसल्यावरही आपलं मनगट थरथरल्यासारखं वाटतं, असं त्यानं एकदा हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

त्यानंच मला ते खेळ दाखवले. सायबरपंक म्हणतात त्या प्रकारातले: यंत्रं फार पुढं गेलेली आणि माणसं पिळून काढलेली, अशा काळातले. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत, दोघातिघांनी एखाद्या खोलीत बसून बनवलेले. त्यांत गोळीबार थोडा आणि बोलणं फार. समोरचा काही विचारतो, तुमच्यापुढं तीन उत्तरं येतात, तुम्ही एक निवडता आणि गोष्ट तिकडं वळते. तोवर व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी, असं माझं ठाम मत होतं. कारण आमच्या घरातून त्यावर एक पत्रकही निघालं होतं.

आमच्या घरातून सगळ्यावरच पत्रकं निघत. वडील संघटनेचे कार्यकर्ते. वनजमिनीचे दावे, धरणाच्या कुशीत राहून टँकरची वाट बघणारी गावं, रेशन, दारू, मोबाइलचा विळखा. गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे पलंगाखाली असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेत अजून ‘कमळ’ चालू होतं तेव्हा मला ‘संघर्ष’ जोडाक्षरासकट वाचता येत होतं. पुढं घड्या घातल्या, मग मुद्रितं तपासली, मग लिहायला लागले. आजही लिहिते आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. एका पानात आपलं म्हणणं मांडून ते बाजारच्या दिवशी अनोळखी माणसाच्या हातात द्यायला जो दम लागतो, तो मी पुस्तकं लिहिणाऱ्या फार लोकांत पाहिलेला नाही.

तर ते परके खेळ खेळताना माझ्या मनात आलं की यांत रात्र असते, पाऊस असतो, काचेचे मनोरे आणि निळ्या-गुलाबी दिव्यांच्या पाट्या असतात, पण हे सगळं दाखवून सांगायचं असतं ते मित्राच्या मनगटावरचंच. मग आपण कशाला कुणाचं शहर उसनं घ्यायचं? आपल्याकडं गोदामं आहेत, धरणं आहेत, डोंगरावरचे टॉवर आहेत. आणखी पन्नास वर्षं पुढं जायचं, सगळं पठार एका कंपनीच्या ताब्यात द्यायचं आणि त्यात एका बाईला आपल्या शेतात राब करू द्यायचा. कंपनीच्या कायद्यात धूर हा गुन्हा. एवढ्यावर आमचा खेळ उभा राहिला. गोष्ट आणि संवाद माझे, चित्रं आणि बाकी सगळं त्याचं. मागचा डोंगर त्यानं उंबरमाळीच्या फलाटावरून काढलेल्या फोटोवरून रंगवला होता.

त्यानं गोदाम सोडलं तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला एक वर्ष दिलं होतं. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पुढच्या पेरणीपर्यंत कर काय करायचं ते. हे काम आहे असं घराबाहेरच्या कुणी म्हटलं तर आणखी एक वर्ष घे. नाही तर गोदामात सुपरवायझरची जागा निघते आहे, आपला पाहुणा आहे तिथं, मुकाट्यानं जा. सुपरवायझरच्या मनगटालाही तेच यंत्र असतं, फक्त पट्टा निळा.

आणि घराबाहेरचं कुणीतरी म्हणण्याच्या बेतात होतं. शहरात अशा छोट्या खेळांचं एक प्रदर्शन भरतं. आम्ही त्यांना राबाच्या दृश्याची दोन मिनिटांची चित्रफीत पाठवली आणि त्यांचं पत्र आलं की अशी आग आम्ही अजून कुठल्या खेळात बघितली नाही. पहिला भाग खेळता येईल असा करून मेअखेर पाठवा, प्रदर्शनातलं तुमचं टेबल जवळपास पक्कं समजा. मित्रानं ते पत्र वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “जवळपास म्हणजे काय? गाडी जवळपास मुरबाडला पोचली म्हणजे पोचली नाय.”

मुदतीला बारा दिवस राहिले असताना मी लॅपटॉप घेऊन टोकावड्याला मावशीकडं गेले. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. चार गुंठ्यांचा राब ती एकटी करते. जिनं आयुष्यात व्हिडिओ गेम बघितलेला नाही तिला आमचा खेळ खेळता येतो का, एवढंच मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर कौतुकही करून घ्यायचं होतं.

मावशीनं हात पदराला पुसले, ओट्यावर मांडी घातली आणि पडद्याकडं बराच वेळ बघितलं.

“ही बया हात वर करून कशाला उबी हाय? एसटीला हात दाखवते?”

“मावशी, ती लढतेय.”

“कुनाशी?”

“वर बघ ना. ते ड्रोन.”

तेवढ्यात ड्रोन बोललं. त्याची वाक्यं मित्रानं सहज, काहीतरी हवं म्हणून लिहून ठेवली होती, ती बदलायची माझ्याकडून राहून गेली होती. “ताई, आपल्या शेतात आग आढळली आहे. आपण सुरक्षित आहात ना? कृपया आग विझवा.”

“बग, पंखा असून किती नीट बोलतो,” मावशी म्हणाली.

मग आमची नायिका बोलली. ते भाषण अकरा ओळींचं होतं आणि त्यातली प्रत्येक ओळ मी घासूनपुसून लिहिली होती. मावशीनं तिसऱ्या ओळीला जांभई दिली. पाचव्या ओळीला शेजारणीला हाक मारली, “अगो, ये इकडं, हिचा राब बगायला ये!”

शेजारीण आली. भाषण संपलं आणि पडद्यावर दोन बटणं आली. एकावर ‘आग विझवा’, दुसऱ्यावर ‘राब पेटवा’. माझ्या खेळाचा सगळा जीव त्या दुसऱ्या बटणात होता.

मावशीनं ते दोनदा वाचलं. “राब पेटवतात का गो? पेटवतात ती चूल. नायतर बिडी. राब भाजतात.”

“तेच ते, मावशी.”

“तेच कसं? पेटवला की वरचा पातेरा भुर्र करून जातो, खालची माती थंडीच्या थंडी. मग त्यात रोप नाय, तण येतं. आनि ही दुपार दाखवलीस ना तू? आनि वारा ह्या अंगाचा, आनि आग पन ह्याच अंगानं लावलीस?” ती शेजारणीकडं वळली. “बग, शिकलेल्या पोरीचा राब. ह्या वाऱ्यानं ही आग कुटं जाईल?”

“सरळ रानात,” शेजारीण म्हणाली.

“आनि मग रान जळलं की शिव्या कुनाला? आमाला.” मावशीनं बोट उचललं आणि ‘आग विझवा’ दाबलं.

“मावशी! ते कंपनीचं बटण आहे!”

“आसंना. पंखा बरोबर बोलतो. मी पन विझवली असती.”

शेजारणीनं परत सुरुवातीपासून खेळून बघितलं. तिनंही विझवली. मग तिचा नवरा आला, त्यानंही. ज्यांच्यासाठी मी हा खेळ लिहिला ते एकामागून एक माझ्या शत्रूच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि तिघांचंही बरोबर होतं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मावशीनं आपला राब भाजला आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. पहिल्यांदाच, कारण लहानपणी या दिवसांत मी वडिलांबरोबर कुठल्या ना कुठल्या सभेत असायचे आणि राब म्हणजे मला लांबून दिसणारा धूर होता. मावशीनं वाऱ्याकडं पाठ नाही केली, तोंड केलं. वारा जिकडं जातो त्या टोकाला तिनं विस्तव ठेवला, म्हणजे आगीला वाऱ्याच्या उलटं सरकत यावं लागतं. मग हातात हिरवी फांदी घेऊन ती उभी राहिली. कुठं ज्वाळ डोकावली की तिथं ओंजळभर माती. कडेनं आग पळायला लागली की फांदीचा फटका. बाकी वेळ नुसतं उभं राहणं. आग दिसतच नव्हती. मातीखालून धूर येत होता आणि एक बारीक तडतड.

“ज्वाळ दिसली म्हंजे तुजं लक्ष नाय,” ती म्हणाली.

मी तिथं उभी राहून आठवत होते की माझ्या पत्रकांत मी लोकांना किती वेळा पेटून उठायला सांगितलं. ‘पेटून उठा’शिवाय माझं एकही पत्रक संपलेलं नसेल. आणि ज्यांना ते सांगत होते त्यांच्याकडं आगीसाठी दुसरं क्रियापद होतं, जास्त कामाचं. ते मला कुणी सांगितलं नाही, कारण पत्रक वाटून मी पुढं जायचे. वाचणाऱ्याशेजारी बसून त्याची जांभई बघायची वेळ कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शहापूरला गेले आणि मित्राला म्हटलं, “राबाचं दृश्य काढायचं. नवीन करायचं.”

त्यानं खुर्ची फिरवली. “तेच दृश्य, ज्याच्यामुळं आपल्याला बोलावलंय?”

“ते खोटं आहे.”

“सगळा खेळच खोटा आहे. पन्नास वर्षांनंतरचं आहे, तू बघून आलीस का?”

मी त्याला भाजणं काय असतं ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “किती वेळ?”

“खेळात पाच मिनिटं तरी.”

“पाच मिनिटं उभं राहायचं? काही न करता? लोक पाच सेकंद थांबत नाहीत. तुझ्या पत्रकात लिही हे, तिथं चालतं. इथं लोकांच्या हातात बंद करायचं बटण असतं.”

“थांबतील.”

“आणि नाही थांबले तर तुझं काय जातंय? तू लिहिणार, उद्या दुसरं लिहिशील. तो पट्टा माझ्या मनगटाला लागणार आहे.”

तत्त्व माझं आणि मनगट त्याचं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. मी एवढंच म्हटलं, “आमच्या मावशीनं कंपनीचं बटण दाबलं. तू तरी ती आग लावली असतीस का?”

तो चहा घेऊन आला. मग एकदम म्हणाला, “उभं राहायचं म्हणतेस ना. कंट्रोलर थरथरवता येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे खेळणाऱ्याच्या हातातलं यंत्र. ती उभी राहिली की ड्रोन नोंद घेणार आणि हातातलं यंत्र थरथरायला लागणार. आधी हळू, मग जोरात. हललं की थांबतं. पण हललं की राबावरून लक्ष जातं आणि ज्वाळ वर येते.” त्यानं स्वतःचं मनगट चोळलं. “न हलणं हेच अवघड करायचं. ते कसं करायचं मला माहितीय.”

त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मला कळलं की आमचा खेळ आता खरा सुरू झाला. मी माझं भाषण उडवलं. पूर्ण. त्यातल्या दोन ओळी वडिलांनी सुचवलेल्या होत्या, म्हणून त्यांना फोन करून सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, “पत्रक वाचणारा बाजारात उभा असतो, त्याला घाई असते, म्हणून ओरडावं लागतं. हा तर तुझ्यासमोर बसलेला आहे. त्याच्यावर कशाला ओरडतेस?”

ड्रोनची गोड भाषा मी ठेवली, उलट आणखी गोड केली. नायिकेची उत्तरं मावशीला फोनवर विचारून लिहिली. “ताई, आपण बराच वेळ एकाच जागी उभ्या आहात.” उत्तर: “राब भाजतेय.” “ताई, आपली तब्येत बरी आहे ना?” उत्तर: “माती सांगेल.” “ताई, आपली नोंद घ्यावी लागेल.” यावर काय म्हणशील असं विचारल्यावर मावशी म्हणाली, “काय म्हणायचं? घे म्हणावं. आमच्या नोंदी काय कमी हायेत?” तेच उत्तर घातलं. बटणावरचा शब्द बदलला: ‘राब भाजा’.

मुदतीच्या एक दिवस आधी आम्ही पहिला भाग पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. भाषा सभ्य होती. चित्रफितीतली ताकद इथं दिसत नाही. खेळणारा कंटाळेल. जुनं दृश्य परत घालून दोन दिवसांत पाठवलंत तर टेबल अजून राखून ठेवतो.

जुनी फाइल होती. एक तासाचं काम. मला जे वाटत होतं ते मी ओरडून सांगू शकले असते, पण आधीच्या भांडणानंतर एवढं शहाणपण आलं होतं. मी म्हटलं, “तू ठरव.”

तो म्हणाला, “पप्पांना दोन्ही दाखवू. वर्ष त्यांनी दिलंय.”

त्याचे वडील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मूळचे किन्हवलीकडचे, अजून भावाची शेती आहे तिथं. मुलानं वर्षभर काय केलं ते त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं, आणि त्यानंही दाखवलं नव्हतं. आधी जुनं दृश्य लावलं. ज्वाळा गेल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“झालं?” त्यांनी विचारलं. “बरं हाय. पिक्चरसारखं.” आणि पेपर उचलला.

मित्रानं नवं लावलं आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी घट्ट धरला. विस्तव कुठल्या टोकाला ठेवायचा हे खेळ विचारतो. त्यांनी वाऱ्यानं हलणारं गवत बघितलं आणि बरोबर टोक निवडलं, आम्हाला न विचारता. मग उभं राहायची वेळ आली. हातातलं यंत्र थरथरायला लागलं.

“हे बिघडलं काय रे?”

“नाही. एका जागी उभं राहू नका म्हणून सांगतंय.”

त्यांनी मुलाकडं बघितलं. “तुझ्या हातात व्हतं ते, तसं?”

“तसंच.”

चहा आला, निवत राहिला. थरथर वाढत गेली, त्यांच्या दंडापर्यंत पोचलेली आम्हाला दिसत होती. एकदा ज्वाळ वर आली, त्यांनी माती टाकली. ड्रोन तब्येत विचारायला लागलं तेव्हा पुटपुटले, “गप रे तू.” एकदा हात हलला, ज्वाळ कडेनं पळाली, त्यांनी तोंडानं ‘च्’ केलं आणि परत स्थिर झाले. पाच मिनिटं. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं मी बघत होते, ते नाही. शेवटी पडद्यावर संध्याकाळ झाली, बाई खाली वाकली आणि तिनं भाजलेल्या मातीत हात घातला. ड्रोननं तिची नोंद झाल्याचं सांगितलं. पहिला भाग संपला.

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “पुढं?”

“पुढं काय?”

“तिचं काय झालं पुढं? उचलून नेतात तिला?”

“हो,” मी म्हटलं. “नाही,” त्याच क्षणी मित्र म्हणाला.

“आधी आपसात ठरवा,” ते म्हणाले आणि गार चहा एका घोटात प्यायले.

आम्ही तिथंच भांडायला लागलो. नेलं नाही तर नोंदीला अर्थ काय, असं माझं म्हणणं. नेलं तर रोप कोण लावणार, पावसाळा तोंडावर आहे, असं त्याचं. प्रदर्शनवाल्यांना त्यानं त्या भांडणातच दोन ओळी लिहिल्या, की जुनं दृश्य आता खेळात नाही आणि परत येणार नाही. मला वाचूनही दाखवल्या नाहीत.

पेरणीच्या आठवड्यात गोदामातल्या पाहुण्याचा फोन आला. आम्ही आत काम करत होतो, दार उघडं होतं. मित्राचा हात की-बोर्डवर तसाच थांबला. बाहेरून त्याच्या वडिलांचा आवाज आला, ड्रायव्हर लोकांचा असतो तसा, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असा: “नाय, त्याला टाइम नाय. तो कामावर हाय.”